अमेरिकेच्या मनावरचा जर्मन ठसा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे मूल तीन-साडेतीन वर्षांचं झालं, की शेजारीपाजारी विचारायला लागतात, "केजीत घातलं का?" त्यातली 'के' आणि 'जी' ही अक्षरं 'किंडरगार्टन' या जर्मन शब्दाची आहेत. हा शब्द जर्मन लोकांनी अमेरिकेत नेला, आणि त्याच्यासोबत मुलांकडे, घराकडे, देशाकडे पाहण्याची एक दृष्टीही नेली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या जर्मनांविषयी लिहिताना बहुतेक जण सॉसेज आणि बिअरच्या पुढे जात नाहीत. त्यांनी तिथल्या विचारांत काय भर घातली, यावर मला अनेकदा प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

मुळात किती जर्मन लोक अमेरिकेत गेले?

सुरुवात १६८३मध्ये झाली. ऱ्हाइन नदीकाठच्या क्रेफेल्ड गावातली १३ कुटुंबं 'कॉन्कॉर्ड' नावाच्या जहाजाने फिलाडेल्फियाला उतरली आणि शहराबाहेर त्यांनी जर्मनटाउन वसवलं. खरी लाट एकोणिसाव्या शतकात आली. १८२० ते १९०० या काळात सुमारे ५० लाख जर्मन अमेरिकेत पोहोचले. एकट्या १८८२ साली हा आकडा अडीच लाखांच्या घरात होता. २०२०च्या जनगणनेत साडेचार कोटी अमेरिकनांनी आपलं मूळ पूर्णतः किंवा अंशतः जर्मन असल्याचं नोंदवलं. त्यांच्या पुढे फक्त इंग्रज मूळ सांगणारे होते, ४ कोटी ६६ लाख.

तेव्हा जर्मनी नावाचा देश तरी होता का?

नव्हता. एकसंध जर्मनी १८७१मध्ये झाली. त्याआधी आलेला माणूस स्वतःला पॅलाटिनेटचा, बव्हेरियाचा, सॅक्सनीचा किंवा प्रशियाचा म्हणवत असे. त्यांच्यात लुथरन होते, कॅथलिक होते, मेनोनाइट आणि अमिश या छोट्या ख्रिस्ती पंथांचे लोक होते, ज्यू होते आणि कोणताच धर्म न मानणारेही होते. म्हणून 'जर्मन मूल्यं' अशी एकच पेटी उघडून दाखवता येत नाही. या सगळ्यांना जोडणारा धागा एकच होता, तो म्हणजे भाषा. आपली भाषा आणि आपली विवेकबुद्धी सांभाळूनही या देशाचं पूर्ण नागरिक होता येतं, हा आग्रह त्यांनी दोनशे-अडीचशे वर्षं लावून धरला. माझ्या मते अमेरिकेला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

गुलामगिरीविरुद्धचा पहिला लेखी निषेध जर्मनटाउनमध्ये झाला, हे खरं का?

हो. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींमधला सगळ्यात जुना सामूहिक लेखी निषेध तोच मानला जातो. १६८८च्या एप्रिलमध्ये चार जणांनी त्यावर सह्या केल्या : गॅरेट हेंडरिक्स, डेरिक ऑप डेन ग्रेफ, अब्राहम ऑप डेन ग्रेफ आणि गावाचे संस्थापक फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस. क्रेफेल्ड डच सरहद्दीला लागून असल्यामुळे यांतल्या काहींना जर्मन म्हणावं की डच, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

तो कागद वाचताना अंगावर काटा येतो. त्यातली इंग्रजी मोडकी आहे; ही भाषा शिकून लिहिणाऱ्यांना फार दिवस झालेले नाहीत, हे ओळीओळीतून कळतं. पण युक्तिवाद अगदी स्वच्छ आहे. आपल्याला कोणी असं वागवलेलं आपल्याला चालेल का, असं ते विचारतात. माणसांना गुराढोरांसारखं विकलं जातं, हे युरोपात कळलं तर तिथले लोक इथे यायलाच घाबरतील, असंही बजावतात. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं वाक्य येतं : इथे विवेकाचं स्वातंत्र्य आहे, ते योग्यच आहे; तसंच शरीराचंही स्वातंत्र्य असायला हवं. युरोपात लोकांचा छळ श्रद्धेपायी होतो, इथे तो काळ्या रंगापायी होतो. स्वतः धर्मापायी त्रास भोगून आलेली माणसं आपल्या दुःखावरून दुसऱ्याचं दुःख ओळखत होती.

निवेदनाचं पुढे काय झालं? सह्या करणाऱ्यांच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या स्थानिक बैठकीने विषय फार जड आहे म्हणून ते तिमाही बैठकीकडे पाठवलं, तिने वार्षिक बैठकीकडे, आणि तिथे ते बाजूला ठेवलं गेलं. जवळपास दीडशे वर्षं तो कागद विस्मरणात होता. १८४४मध्ये तो पुन्हा सापडला, तेव्हा गुलामगिरीविरोधी चळवळ ऐन भरात होती. त्याआधीच, १७७६मध्ये, फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक बैठकीने आपल्या सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली होती. चार माणसांचं म्हणणं मान्य व्हायला ८८ वर्षं लागली.

वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या बाबतीत झेंगर यांचं नाव का घेतात?

जॉन पीटर झेंगर हा पॅलाटिनेटमधल्या निर्वासितांचा मुलगा. १७१०मध्ये न्यू यॉर्कला आला, तेव्हा वय जेमतेम तेरा. वडील प्रवासातच वारले. मुलगा एका छापखान्यात उमेदवारी करत शिकला आणि १७३३मध्ये 'न्यू यॉर्क वीकली जर्नल' छापू लागला. गव्हर्नर विल्यम कॉस्बी यांच्या कारभारावर त्यात सडकून टीका येत असे. पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली.

तो तुरुंगात असताना पत्र बंद पडलं नाही, कारण त्याची बायको अ‍ॅना ते छापत राहिली. १७३५च्या ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. तेव्हाच्या कायद्यात सरकारची बदनामी हा गुन्हाच होता, छापलेलं खरं असलं तरी. वकील अँड्र्यू हॅमिल्टन यांनी ज्यूरीला सरळ विचारलं की खरं बोलणाऱ्याला गुन्हेगार कसं ठरवायचं. ज्यूरीने झेंगरला सोडून दिलं. कायदा त्या दिवशी बदलला नाही, पण सत्ताधाऱ्यांविषयी खरं छापणं हा गुन्हा नव्हे, हे लोकांच्या मनात तिथून पक्कं झालं.

बेंजामिन फ्रँकलिन जर्मनांच्या विरोधात होते का?

काही काळ होते. १७५१मध्ये त्यांनी लिहिलं की इंग्रजांनी वसवलेली पेनसिल्व्हेनिया परक्यांची वसाहत का व्हावी. आपण त्यांना इंग्रज करण्याऐवजी तेच आपल्याला जर्मन करून टाकतील. आज कुठल्याही देशात स्थलांतरितांविषयी जे बोललं जातं, ते शब्द बदलून तेच आहे. पण याच फ्रँकलिन यांनी १७३२मध्ये जर्मन भाषेतलं वृत्तपत्र काढून पाहिलं होतं, ते चाललं नाही. आणि १७८७मध्ये लँकेस्टरला जर्मन वस्तीसाठी कॉलेज निघालं, तेव्हा त्यांनी देणगी दिली आणि कॉलेजला त्यांचंच नाव मिळालं. मधल्या काळात क्रांती होऊन गेली होती. स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाल्याची बातमी सगळ्यांत आधी, ५ जुलै १७७६ला, दिली ती फिलाडेल्फियाच्या एका जर्मन वृत्तपत्राने.

एका मताने जर्मन अमेरिकेची राष्ट्रभाषा होता होता राहिली, असं ऐकलंय?

ही दंतकथा आहे. व्हर्जिनियातल्या काही जर्मनांनी कायद्यांचे जर्मन अनुवाद छापावेत, असा अर्ज केला होता. १७९५मध्ये प्रतिनिधिगृहात त्यावर चर्चा चालू असताना कामकाज तहकूब करण्याच्या मुद्द्यावर ४२ विरुद्ध ४१ असं मतदान झालं. राष्ट्रभाषेचा ठराव कधी आलाच नव्हता.

'अठ्ठेचाळीसवाले' म्हणजे कोण?

१८४८मध्ये जर्मन राज्यांत उठाव झाले. संविधान हवं, निवडून आलेली संसद हवी, छापण्या-बोलण्याचं स्वातंत्र्य हवं, अशा मागण्या होत्या. वर्षभरात उठाव चिरडले गेले. पकडले न गेलेले अनेक जण अमेरिकेला निघाले. संख्येने हे काही हजारच, पण त्यांत संपादक होते, वकील, डॉक्टर, शिक्षक होते. अमेरिकन माणसं स्वातंत्र्य वारशाने मिळालेलं मानत होती. हे लोक ते मागायला गेले होते आणि हरून आले होते. म्हणून त्यांना त्याची किंमत वेगळी कळत होती.

कार्ल शुर्त्स यांचं उदाहरण घ्या. बॉनचा हा विद्यार्थी विशीत बंडखोरांच्या फौजेत शिरला. १८४९मध्ये राश्टाटचा किल्ला प्रशियन सैन्याच्या हाती पडला, तेव्हा तो गटारातून सरपटत निसटला. पुढच्या वर्षी तो वेश बदलून परत आला, कारण त्याचे शिक्षक गॉटफ्रीड किंकेल स्पांडाउच्या तुरुंगात होते. एका पहारेकऱ्याला फितवून, रात्री दोराने खाली उतरवून त्याने त्यांना पळवलं. १८५२मध्ये तो अमेरिकेत आला आणि आठ वर्षांत लिंकन यांच्यासाठी गावोगाव जर्मन आणि इंग्रजीत भाषणं करू लागला. पुढे तो यादवी युद्धात युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या, सैन्यात जनरल झाला, मिसूरीचा सिनेटर झाला, देशाचा गृहव्यवहार मंत्री झाला. सरकारी नोकऱ्या वशिल्याने न देता परीक्षा घेऊन द्याव्यात, हा आग्रह त्याने आपल्या खात्यात आधी अमलात आणला. देशभराचा कायदा १८८३मध्ये झाला.

१८७२मध्ये सिनेटमध्ये त्याच्यावर देशनिष्ठेवरून टोमणा आला, तेव्हा त्याने दिलेलं उत्तर अमेरिकेत आजही उद्धृत होतं : "माझा देश, बरोबर असो वा चूक, बरोबर असेल तर बरोबर ठेवायचा, चूक असेल तर बरोबर करायचा." देशप्रेम म्हणजे होला हो म्हणणं नव्हे, हे त्याने परक्या उच्चारांच्या इंग्रजीत, त्या देशाच्या वरिष्ठ सभागृहात उभं राहून सांगितलं.

लिंकन यांना या मतदारांचं महत्त्व पुरेपूर कळलं होतं. १८५९मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्डमधलं एक जर्मन वृत्तपत्र गुपचूप विकत घेतलं होतं.

मग यादवी युद्धात सगळे जर्मन गुलामगिरीच्या विरोधात होते?

नाही, आणि तसं दाखवणं चुकीचं होईल. युनियनच्या सैन्यात जर्मनीत जन्मलेले सुमारे २ लाख सैनिक होते, हे खरं. १८६१च्या मे महिन्यात सेंट लुईसचं शस्त्रागार दक्षिणेच्या बाजूच्या लोकांच्या हाती जाऊ दिलं नाही, त्यातही जर्मन स्वयंसेवकांचा वाटा मोठा होता. पण कॅथलिक आणि सनातनी लुथरनांपैकी बरेच जण लिंकन यांच्या विरोधी पक्षात होते. दक्षिणेत स्थायिक झालेल्या काहींनी स्वतः गुलाम बाळगले.

टेक्ससमधल्या जर्मनांची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. सॅन अँटोनियोच्या वरच्या डोंगराळ भागातल्या कम्फर्ट गावाच्या आसपास संघराज्याला निष्ठावान असलेली बरीच जर्मन कुटुंबं होती. त्यांच्यातले काही जण मेक्सिकोमार्गे उत्तरेला जायला निघाले. १० ऑगस्ट १८६२च्या पहाटे न्यूएसेस नदीकाठी कॉन्फेडरेट, म्हणजे दक्षिणेच्या, घोडदळाने त्यांना गाठलं. काही लढताना पडले. जखमी होऊन हाती लागलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मृतदेह तसेच उघड्यावर राहिले. युद्ध संपल्यावर गावकरी तिथे गेले, हाडं गोळा करून कम्फर्टला आणली आणि १८६६मध्ये त्यांवर चुनखडीचा एक साधा स्तंभ उभारला. त्यावर मेलेल्यांची नावं आहेत आणि तीन जर्मन शब्द आहेत : 'ट्रॉय डेअर ऊनिओन', म्हणजे संघराज्याशी निष्ठा. अमेरिकेवरची निष्ठा, अमेरिकन मातीत, जर्मन अक्षरांत. इंग्रजी येत नसेल तर माणूस पुरता अमेरिकन नाही असं कोणी म्हणू लागलं, की मला तो स्तंभ आठवतो.

युद्धाचे नियम एका जर्मन स्थलांतरिताने लिहिले?

फ्रान्सिस लीबर यांनी. बर्लिनचा हा मुलगा १८१५मध्ये नेपोलियनविरुद्ध लढताना जखमी झाला होता, १८२७मध्ये तो बॉस्टनला आला. लिंकन यांच्या सरकारने २४ एप्रिल १८६३ला त्यांचे १५७ कलमांचे नियम सैन्याला लागू केले. कैद्याला मारायचं नाही, विष वापरायचं नाही, कबुलीसाठी छळ करायचा नाही. आणि राष्ट्रांचा कायदा रंगावरून सैनिकात भेद करत नाही. १८९९ आणि १९०७च्या हेग करारांवर या नियमांची छाप आहे.

लीबर यांचं आयुष्य सरळ नव्हतं. वीसेक वर्षं ते साउथ कॅरोलायनात प्राध्यापक होते आणि तिथे त्यांनी स्वतः गुलाम बाळगले होते. युद्धात त्यांचा एक मुलगा दक्षिणेच्या बाजूने लढताना मेला, दुसऱ्याने उत्तरेच्या बाजूने लढताना हात गमावला. त्यानंतर वर्षभरातच त्यांनी हे नियम लिहिले.

किंडरगार्टन अमेरिकेत कसं आलं? आणि आपल्याकडे?

फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४०मध्ये हा शब्द घडवला. अर्थ 'मुलांची बाग'. मूल हे रोप आहे, त्याला खेळातून, गाण्यातून, हाताने वस्तू करण्यातून वाढू द्यावं, हा त्यामागचा विचार. प्रशियाच्या सरकारला हे इतकं धोकादायक वाटलं, की १८५१मध्ये त्याने किंडरगार्टनवर बंदी घातली. चार वर्षांच्या मुलांच्या गाण्यांची सत्तेला भीती वाटली! म्हणजे त्यात काहीतरी जोर असणार.

कार्ल शुर्त्स यांची पत्नी मार्गारेटे हिने १८५६मध्ये विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन सुरू केलं. शाळा कसली, स्वतःची मुलगी आगाटे आणि नात्यातली चार मुलं! भाषा जर्मनच. १८५९मध्ये बॉस्टनच्या एलिझाबेथ पीबडी या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी आगाटेला पाहिलं आणि त्या मुलीच्या वागण्याने त्या इतक्या भारावल्या, की पुढच्याच वर्षी त्यांनी बॉस्टनमध्ये इंग्रजी किंडरगार्टन उघडलं. १८७३मध्ये सुझन ब्लो यांनी सेंट लुईसच्या सरकारी शाळेत ते आणलं. तिथून ते अमेरिकन बालपणाचा भागच झालं. वॉटरटाउनची ती छोटी लाकडी वास्तू जपून ठेवली आहे.

आपला धागा असा. पंडिता रमाबाई १८८६मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. तिथे राहून त्यांनी फ्रोबेलच्या पद्धतीचं रीतसर शिक्षण घेतलं. ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं, तेव्हा विधवा मुलींना स्वतःच्या पायावर उभं करण्याच्या त्यांच्या योजनेत बालशिक्षिका होण्याचं शिक्षणही होतं.

रविवार आणि बिअर यांचा मूल्यांशी काय संबंध?

खूप जवळचा. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कडक प्युरिटन परंपरेत रविवार म्हणजे चर्च आणि शांतता. खेळ नाही, गाणं नाही, दारू तर नाहीच. जर्मन माणूस रविवारी सकाळी प्रार्थना करून दुपारी बायकामुलांसह बागेत जायचा. झाडाखाली बाकं, वाद्यवृंद, बिअर. त्याला यात पाप दिसत नव्हतं. शिकागोचे महापौर लीव्हाय बून यांनी १८५५मध्ये परवान्याची फी ५० डॉलरवरून ३०० केली आणि रविवारची बंदी कडक केली. २१ एप्रिलला दंगल उसळली, एक जण मेला. पुढच्या वर्षी जर्मन आणि आयरिश मतदारांनी मिळून बून यांच्या गटाला पाडलं. सरकारने माणसाच्या सुट्टीच्या दिवसात किती डोकावायचं, हा त्या दंगलीमागचा खरा प्रश्न होता. आजची अमेरिकन रविवार दुपार ही जर्मनांच्या बाजूने लागलेला निकाल आहे.

जाता जाता : जाडजूड, हसरा सँटाक्लॉज आणि रिपब्लिकन पक्षाचा हत्ती ही दोन्ही चित्रं लँडाउ गावी जन्मलेल्या थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने लोकांच्या डोळ्यांत बसवली.

१ मे आणि आठ तासांचा दिवस यात जर्मन कुठे आले?

१ मे १८८६ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकाभर संप झाला. शिकागोत तो चालवणाऱ्यांत जर्मन कामगार पुढे होते. ४ मेच्या हेमार्केट सभेचं पत्रकही इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत छापलं होतं. सभेच्या शेवटी कोणीतरी पोलिसांवर बाँब टाकला. तो कोणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही, पण आठ जणांवर खटला चालला. त्यांतले पाच जर्मनीत जन्मलेले होते आणि ऑगस्ट श्पीस हा तर तिथल्या जर्मन कामगार वृत्तपत्राचा संपादक. ११ नोव्हेंबर १८८७ला चौघांना फाशी दिली; पाचव्याने आदल्याच दिवशी तुरुंगात जीव दिला होता.

उरलेल्या तिघांना १८९३मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी सोडलं. हेही जर्मनीत जन्मलेले, तान्हेपणी अमेरिकेत आलेले. नुसती दया दाखवून ते थांबले नाहीत. न्यायाधीश पक्षपाती होते आणि ज्यूरी ठरवून निवडली होती, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. पुढची निवडणूक ते हरले.

१८८९मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने त्या चळवळीच्या स्मरणार्थ १ मे निवडला. आपण महाराष्ट्र दिनासोबत त्याच तारखेला कामगार दिन पाळतो, त्याचं मूळ शिकागोत आहे. अमेरिकेत कामगारांना संघटना करण्याचा कायदेशीर हक्क मिळाला तो १९३५च्या वॅग्नर कायद्याने. सिनेटर रॉबर्ट वॅग्नर आठ-नऊ वर्षांचे असताना जर्मनीहून न्यू यॉर्कला आले होते. वडील इमारतीची राखण-झाडलोट करत.

डॉ. आंबेडकरांचा यात कुठे संबंध येतो का?

येतो. १९१३ ते १९१६ या काळात ते कोलंबिया विद्यापीठात होते. तिथले मानववंशशास्त्राचे प्रमुख फ्रान्झ बोआस हे जर्मनीतल्या मिंडन गावचे ज्यू. माणसाची बुद्धी त्याच्या वंशावरून ठरत नाही, हे त्यांनी आयुष्यभर मोजमापं आणि पुरावे देऊन मांडलं. त्यांचे शिष्य अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ला आंबेडकरांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. जातीचा उगम रंगात शोधणाऱ्या युरोपीय अभ्यासकांना त्यांनी त्यात फटकारलं आहे. त्यांचे अर्थशास्त्राचे गुरू एडविन सेलिगमन हे बव्हेरियातून आलेल्या ज्यू पेढीवाल्याचे चिरंजीव. आंबेडकरांच्या १९२५च्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरच्या ग्रंथाला त्यांचीच प्रस्तावना आहे. आंबेडकरांचा विचार त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आणि अभ्यासातून उभा राहिला. पण तो ऐकून घेणारी, त्याला दाद देणारी ही मंडळी तिथे होती, हे नोंदवायला हवं.

एवढा मोठा समाज मग दिसेनासा का झाला?

पहिल्या महायुद्धामुळे. १९१७मध्ये अमेरिका जर्मनीविरुद्ध उतरली आणि रातोरात शेजारी शत्रू झाले. गल्ल्यांची नावं बदलली, शाळांतून जर्मन काढलं, कोबीच्या आंबवलेल्या भाजीलाही 'स्वातंत्र्य कोबी' म्हणायला लागले. आयोवाच्या गव्हर्नरने मे १९१८मध्ये सार्वजनिक ठिकाणी, शाळेत, चर्चमध्ये आणि टेलिफोनवरसुद्धा इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलायला मनाई केली.

इलिनॉयच्या कॉलिन्सव्हिलमध्ये रॉबर्ट प्रागर नावाचा ड्रेस्डेनचा खाणकामगार होता. त्याने अमेरिकन नौदलात भरती व्हायचा प्रयत्न केला होता. एक डोळा काचेचा म्हणून त्याला घेतलं नव्हतं. ५ एप्रिल १९१८च्या मध्यरात्री जमावाने त्याला अनवाणी चालवत गावाबाहेर नेलं. आईवडिलांना चार ओळींचं पत्र लिहू दिलं आणि झाडाला फाशी दिली. अकरा जणांवर खटला झाला, अकराही सुटले.

अशा वातावरणात कुटुंबांनी आडनावं बदलली आणि मुलांशी घरात जर्मन बोलणं सोडलं. एका पिढीत भाषा गेली.

पण त्याच काळातला एक खटला महत्त्वाचा आहे म्हणतात?

हो, आणि मराठी पालकांनी तो जरूर माहीत करून घ्यावा. नेब्रास्काने १९१९मध्ये कायदा केला, की आठवी पास होईपर्यंत मुलांना इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टन गावाजवळच्या एका लुथरन शाळेत रॉबर्ट मेयर हे शिक्षक होते. २५ मे १९२०ला दहा वर्षांचा एक मुलगा त्यांच्यासमोर जर्मनमधून बायबलची गोष्ट वाचत होता. तेवढ्यात सरकारी वकील वर्गात आला. मेयर यांच्या लक्षात आलं, की आपण इंग्रजीवर वळलो तर प्रकरण इथेच मिटेल. ते वळले नाहीत. २५ डॉलर दंड झाला. मेयर यांनी दंड न भरता अपील केलं.

नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात ते हरले. ४ जून १९२३ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र सात विरुद्ध दोन मतांनी कायदा रद्द केला. संविधानातलं 'स्वातंत्र्य' म्हणजे नुसतं तुरुंगाबाहेर असणं नव्हे. लग्न करणं, घर मांडणं, मुलांना वाढवणं, ज्ञान मिळवणं, आपल्या विवेकाप्रमाणे प्रार्थना करणं हे सगळं त्यात येतं, असं न्यायालय म्हणालं. हा निकाल पुढे किती ठिकाणी आधाराला आला! १९६५मध्ये संततिनियमनाच्या खटल्यात, २०१५मध्ये समलिंगी विवाहाच्या खटल्यात त्याचा दाखला आहे. १९७२मध्ये विस्कॉन्सिनच्या अमिश पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याचा हक्क मिळवला, तोही याच वाटेवरचा निकाल.

आज बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत रविवारी मुलं बाराखडी गिरवतात. कोणतंही राज्य त्यांना ते थांबवायला सांगू शकत नाही. ती भिंत मेयर यांनी बांधली आहे.

या इतिहासाची काळी बाजूही आहे ना?

आहे. २० फेब्रुवारी १९३९ला न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे २० हजार लोक जर्मन-अमेरिकन बुंड या संघटनेच्या नाझीधार्जिण्या सभेला जमले होते. कार्ल शुर्त्स गृहव्यवहार मंत्री असतानाच मूळ निवासी मुलांना घरापासून तोडून 'सुधारणारी' कार्लाइलची शाळा १८७९मध्ये सुरू झाली. स्वतःची भाषा जपणाऱ्या माणसाला त्या मुलांच्या भाषांचं मोल दिसलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. याउलट १८४७मध्ये टेक्ससच्या जर्मनांनी कोमांची लोकांशी केलेला करार मोडला गेला नाही, असं मानलं जातं.

हिटलरपासून पळून आलेल्यांनी मात्र वेगळा अध्याय लिहिला. वकिली आणि न्यायदानाचं काम केलेले अर्न्स्ट बोरिन्स्की १९४७मध्ये मिसिसिपीतल्या टूगलू या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकवायला गेले. कडक वर्णविभाजनाच्या त्या राज्यात त्यांनी आपल्या वर्गात काळ्या-गोऱ्यांना एकत्र बसवून व्याख्यानं घडवली. आणि २८ ऑगस्ट १९६३ला वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आधी जे बोलले ते रब्बी योआखिम प्रिन्झ, बर्लिनचे. हिटलरच्या राज्यात मी शिकलो, ते म्हणाले, की द्वेष हा सगळ्यात मोठा प्रश्न नाही. सगळ्यात लाजिरवाणा प्रश्न आहे तो गप्प बसण्याचा.

आता अमेरिकेत घरात जर्मन कोणी बोलतं का?

बोलतात. अमिश आणि जुन्या वळणाच्या मेनोनाइट घरांत 'पेनसिल्व्हेनिया डच' बोलली जाते. त्यातलं 'डच' म्हणजे हॉलंडचं नव्हे, तर 'डाइच', म्हणजे जर्मन. कुटुंबं मोठी असल्यामुळे बोलणाऱ्यांची संख्या वाढते आहे. पॅलाटिनेटच्या खेड्यांतून तीनशे वर्षांपूर्वी आलेली ती बोली ओहायोतल्या बाजारात, घोडागाडी बांधून ठेवलेल्या खांबापाशी, लहान मुलांच्या तोंडून ऐकू येते. टेक्ससच्या जर्मन बोलीचं तसं नाही. ती आता कम्फर्ट-फ्रेडरिक्सबर्गकडच्या काही म्हाताऱ्या माणसांपुरती उरली आहे. त्यांची नातवंडं स्तंभावरचे ते तीन शब्द इंग्रजीतून समजून घेतात.